दुतोंडीच्या एका बाजूला

रावजी आप्पांनी माझा थर्मामीटर एकदाच हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

"हा पानी किती गार हाय ते सांगतो," ते म्हणाले. "मासा कुटं हाय ते सांगतो काय?"

"नाही."

"मंग ठेवा पिशवीत."

ही आमची पहिली भेट. पौषातली सकाळ, पावणेसात वाजलेले, हवा तेरा अंश. रत्नागिरी शहरात समुद्राच्या वाऱ्यात एवढी थंडी कधी जाणवत नाही. पण आमचं गाव आत आहे, पालीच्या बाजारापासून साडेसहा किलोमीटर, आणि काजळी नदीच्या खोलगटात डिसेंबर-जानेवारीत बोलताना तोंडातून वाफ येते. गावच्या नळपाणी योजनेची विहीर नदीपात्रातच आहे. दर रविवारी तिची पातळी मोजून वहीत लिहायचं काम माझ्याकडे आहे. तापमान कुणी मागितलेलं नाही. ते मी माझ्या समाधानासाठी घेतो.

आप्पा तेव्हा सत्तरीच्या जवळ असतील. उंची पाच फूट दोन इंच, अंगावर मांस असं नाहीच. पण हात मात्र मोठ्या माणसाचे आणून जोडल्यासारखे. डाव्या हाताची करंगळी आत वळलेली होती. शेंगाळा माशाचा काटा लागून ती पिकली होती आणि नंतर तशीच राहिली. बायको वारून बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी पावस गावी दिलेली. घरात एकटेच असत. थंडीतली त्यांची सकाळ ठरलेली. उठून चूल पेटवायची नाही, चहा घ्यायचा नाही. "ऊब घेऊन गेलं की पानी जास्त चावतं," असं त्यांचं म्हणणं. कोपरापासून खाली करंजेल चोळायचं, पंचा कमरेला आवळायचा आणि सरळ नदीवर.

जाळं नाही, गरी नाही. त्यांचा मासा हाताचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे चढतात तेव्हा गावातला कुणीही मासे धरतो, त्यात आप्पांना रस नव्हता. थंडीत मासा हलत नाही, गरीला लावलेल्या गांडुळाकडे बघत नाही. डोहातल्या कातळांच्या कपारीत अंग घालून पडून राहतो. तेव्हा आप्पांचे दिवस सुरू होत. "आता तो खायाला येनार नाय. आपन त्याच्या घरी जायाचं," ते म्हणायचे.

घर शोधायची त्यांची रीत मी पुष्कळ सकाळी बघितली. आधी काठाकाठाने अनवाणी पाण्यातून हळू चालायचं. एका जागी ते थांबत आणि टाच खाली रुतवत. "हितं ऊब हाय." मी एकदा त्यांच्या नकळत तिथे थर्मामीटर सोडला. उथळ पाण्यात अठरा अंश होते, त्यांच्या टाचेशी साडेवीस. तिथे खालून कुठून तरी झरा लागत असावा. मला अडीच अंश कळायला काचेची नळी लागली.

ऊब सापडली की कपारींची तोंडं बघायची. डोहात झाडांचा पाचोळा पडून तळाशी बसतो. काही कपारींच्या तोंडाशी तो साचलेला असतो, काहींच्या तोंडाशी दगड स्वच्छ असतो. आप्पा स्वच्छ तोंडात हात घालत.

"घरात कोन राहत असंल तर दारात पाचोळा बसत नाय," ते म्हणाले. "त्याच्या शेपटीनं झाडलेलं असतं."

हात पोटाखालून न्यायचा. पाठीला हात लागला की त्याला वैरी वाटतो, पोटाला लागला की पाणी वाटतं. मग अगदी सावकाश गालफडापर्यंत यायचं. वाम सापासारखी लांब आणि बुळबुळीत असते, तिच्यासाठी खरवतीची पानं मुठीत ठेवायची. सुतार लाकूड घासायला वापरतात ती खरखरीत पानं. हाताला काय लागलं ते बाहेर न काढताच ते बोटांवर सांगत. त्याची खूण ठरलेली होती: एक बोट म्हणजे वाम, दोन म्हणजे मरळ, तीन म्हणजे खडस. त्यांचं चुकलेलं मी एकदाच पाहिलं. एक बोट वर केलं आणि हात बाहेर आला तेव्हा मुठीत चांगला हातभर लांब विरोळा, पाण्यातला साप. मी चार पावलं मागे. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याला तसाच परत कपारीत सोडला.

"माफ करा वो," त्याला म्हणाले. "घर चुकलं."

ते एकटे असले की असं काहीबाही बोलत. पण डोहात दुसरा माणूस उतरला की आप्पा एक शब्द बोलत नसत. दुसरा माणूस म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, शांताराम.

डोहाच्या मधोमध एक कातळ आहे, त्याला दुतोंडी म्हणतात. त्याच्या पोटातून एक कपार आरपार जाते, लांबी सात फूट. मी काठी घालून मोजली आहे. नदीतली सगळ्यात मोठी वाम तिथेच बसते, कारण एका तोंडातून कुणी आलं तर दुसऱ्या तोंडातून निघता येतं. एकट्या माणसाला दुतोंडी जमत नाही. दगड लावून, गोणपाट कोंबून लोकांनी बघितलं आहे. वाम त्याच्या कडेने निघून जाते. पलीकडच्या तोंडाशी जिवंत हात लागतो, जो पाण्याबरोबर हलेल आणि तिला मागे वळवील. म्हणून दोघे भाऊ छातीभर पाण्यात कातळाच्या दोन बाजूंना उभे राहत. एकाचा हात पुढे सरके, दुसऱ्याचा अडवे. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नसत.

आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा त्याला आठ वर्षं झाली होती. शेवटी ती एकोणीस झाली.

कारण नदीकाठच्या मळ्याची वाटणी. कुणाचं बरोबर होतं हे मी कधी विचारलं नाही. भांडण ग्रामदेवीच्या देवळापर्यंत गेलं, आणि तिथे पायरीवर हात ठेवून आप्पा म्हणाले, "ह्याच्याशी शब्द बोललो तर माजी वाचा जाऊं दे." शांतारामनेही तिथेच हात ठेवला आणि तेच म्हटलं. राग ओसरल्यावर शपथ सोडवायची तर दोघांनी एकत्र देवीपुढे उभं राहायला हवं, एकाच नारळावर, आणि गुरवाने गाऱ्हाणं घालायला हवं. पण एकत्र जायचं तर एकाने दुसऱ्याला 'चल' म्हणायला हवं. तिथेच सगळं अडलं.

तसं इतर कामांना ते अडत नसे. दोघांची घरं एकाच अंगणाच्या दोन टोकांना, मध्ये फणस. संध्याकाळी आप्पा अंगणात येऊन फणसाला खणखणीत आवाजात सांगत, "उद्या सातला निघायचं हाय. थंडी पडलीय."

पलीकडच्या गोठ्यातून शांताराम म्हशीला सांगे, "सात म्हंजे सात. मागच्या खेपेस लोकांनी साडेसात केले."

"लोकांचा पाय मुरगळला व्हता," आप्पा फणसाला म्हणत.

"तर लोकांनी सांगायचं व्हतं," शांताराम म्हशीला.

शांतारामची बायको, सुलोचनावहिनी, ओटीवर तांदूळ निवडत हे ऐकत असायची. ती एकदा मला म्हणाली, "ह्या म्हशीला गावातलं सगळं म्हाईत हाय. दूध तेवढं देत नाय."

मी एकदा आप्पांना म्हटलं, की मग देवळात जायचंही फणसालाच सांगा. ते खरोखर रागावले. "मासे धरायचं वेगळं. देवीच्या कामात झाडाला मधी घालायचं? तिला काय कळत नाय?"

मासे मिळाले की काठावरच्या सपाट दगडावर वाटे पडत. वाटे आप्पांनी करायचे आणि आधी शांतारामने उचलायचा. त्यामुळे आप्पा फार वेळ लावत. एक मासा इकडून तिकडे, परत तिकडून इकडे, मग मागे सरून बघत. शांताराम नदीकडे तोंड करून उभा असे. आप्पांनी दगडावर दोनदा टिचकी मारली की तो वळायचा आणि जो वाटा जवळ असेल तो उचलायचा. कधीच निवडला नाही. मी घरच्या काट्यावर दोन्ही वाटे तीन वेळा तोलून पाहिले आहेत. सगळ्यात जास्त फरक साठ ग्रॅमचा होता.

अबोल्याच्या अठराव्या वर्षी भाताच्या झोडणीच्या वेळी शांतारामला झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं थोडं जड झालं, पण समजत होतं. त्याचा मुलगा महेश विरारला असतो. त्याने वर्षभर येऊन-जाऊन केलं आणि मग ठरवलं की आईबाबांना घेऊन जायचं. म्हैस विकली. जायचा दिवस जानेवारीतला रविवार होता, गाडी अकराला येणार होती.

त्या सकाळी महेश माझ्याकडे आला. "काका, बाबा नदीवर न्या म्हणतायत. एकट्याला जमायचं नाही मला."

आम्ही दोघांनी शांतारामला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून काठावर आणलं. अंगावर दोन शाली, डोक्याला मफलर. आप्पा आधीच पाण्यात होते. फणसाला काय सांगितलं होतं, की काहीच नव्हतं सांगितलं, मला माहीत नाही. ते चालत दुतोंडीकडे गेले आणि आपल्या नेहमीच्या बाजूला उभे राहिले. पलीकडची बाजू मोकळी.

हवा साडेबारा. पाण्यावर गुडघाभर उंच धुकं. आप्पांनी हात घातला आणि खांद्यापर्यंत आत नेला. एका हाताने एकट्याला दुतोंडी जमत नाही हे तिथल्या चारही माणसांना ठाऊक होतं. एक मिनिट गेलं, दोन गेली. आप्पांचा गाल कातळाला टेकलेला, डोळे मिटलेले. मग त्यांचा खांदा थोडा थरथरला आणि एकदम थांबला.

खुर्चीतून शांताराम ओरडला, "दादा! हाय काय?"

जड जिभेने, पण स्पष्ट. महेशने वडिलांकडे बघितलं, मी आप्पांकडे. आप्पांनी डोळे उघडले. ते शांतारामकडे बघत राहिले. शांताराम उत्तराची वाट बघत राहिला. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

मग आप्पा बाहेर आले. खरवतीच्या पानांत वाम होती, सव्वा किलोच्या वर. एकट्याने कशी जमली, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ती दगडावर ठेवली, कोयत्याने बरोबर मध्ये तोडली आणि दगडावर दोनदा टिचकी मारली. शांतारामची खुर्ची वळवावी लागली. त्याने उजवा हात पुढे करून शेपटीकडचा वाटा उचलला, कारण तोच जवळ होता, आणि पुन्हा आप्पांच्या तोंडाकडे बघितलं. आप्पा पंचा पिळत होते.

अकरा दहाला गाडी निघाली.

दुपारी मी आप्पांकडे गेलो. ते न विचारताच म्हणाले, "तोंड पान्यात व्हतं माजं. कसा बोलनार?"

दुतोंडीपाशी त्या दिवशी पाणी तीन फूट सात इंच होतं.

त्यानंतर आप्पा नदीवर जात राहिले, पण दुतोंडीला हात लावला नाही. काठच्या लहान कपारीत बघत, दोन-चार मासे आणत. शांतारामच्या बंद घरासमोर रोज सकाळी त्यांना झाडताना मी पाहत असे. फणसाचा पाला फार पडतो. उंबरठ्यापर्यंत झाडून मग ते आपल्या दाराकडे वळत.

पुढच्या हिवाळ्यात महेशचा मला फोन आला. शांतारामला दुसरा झटका आला होता. जीव वाचला, पण वाचा गेली. ऐकू येतं, समजतं, शब्द मात्र फुटत नाही. हे आप्पांना मीच जाऊन सांगितलं. ते ओटीवर बसून नारळाच्या झावळ्या विणत होते. विणकाम हातात तसंच राहिलं.

"वाचाच गेली?"

"डॉक्टर म्हणतात, मेंदूत गुठळी झाली. पहिल्या झटक्यानंतर असं होऊ शकतं."

"डॉक्टरला शपथ म्हाईत नाय."

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. काठावरच्या त्या हाकेला जवळजवळ वर्ष झालं आहे. शपथेने व्हायचं असतं तर त्याच दिवशी झालं असतं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "त्याला म्हाईत व्हतं काय जाईल ते. तरी बोलला. मला त्या वक्ताला काय वाटलं सांगू? मासा हातात हाय, तो सुटंल, असं नाय वाटलं. भ्यालो वो मी. माजी वाचा जाईल म्हनून भ्यालो."

दुसऱ्या दिवशी ते गुरवाकडे गेले. गुरव म्हणाला, शपथ सोडवायला दोघं समोर उभे पाहिजेत. आप्पांनी विचारलं, एक इथे आणि एक फोनवर असं चालेल काय. गुरव म्हणाला, असं कधी केलेलं नाही, देवीला कौल लावून बघतो, पाकळी उजवीकडची पडली तर चालेल.

"नको लावूस," आप्पा म्हणाले.

"का?"

"नाय म्हनाली तर?"

हे गुरवानेच मला सांगितलं. त्यानंतर तीन दिवसांनी सकाळी आप्पा माझ्या दारात. अंगात सदरा, वर शाल, पायात चप्पल, म्हणजे नदीवर जायचं नव्हतं. "काय वो आकडेवाले, फोन लावून द्याल काय विरारला?"

आमच्या घरात रेंज एक दांडी असते. सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, तीन असतात. आम्ही पायवाटेने सड्यावर चढलो. सातशे दहा पावलं आहेत, आप्पा दोनदा थांबले. वर जांभ्याच्या कातळावर वाळलेलं गवत दवाने ओलं होतं. खाली नदी दिसत नव्हती. तिच्या वळणावळणाने धुक्याचा पांढरा पट्टा गेला होता, तेवढ्यावरून ती कुठे आहे ते कळत होतं.

त्या महिन्याच्या अखेरीस मी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलो, आणि आप्पा झोपेतच गेले तेव्हा तिथेच होतो. त्यामुळे माझ्यापुरते आप्पा शेवटचे आहेत ते त्या सड्यावरचे.

मी फोन लावला. महेशने घेतला. "बाबांच्या कानाला लावतो," तो म्हणाला. मी फोन आप्पांकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, जिवंत काही धरावं तसा, आणि कितीतरी वेळ नुसते श्वास घेत राहिले. मला वाटलं, आता परत देतील.

"व्हती रे, शांताराम," ते म्हणाले. "व्हती. तू इचारलंस तवा माज्या हातात व्हती."

पलीकडून काही आलं नाही. येणार नव्हतंच. आप्पांनी घशावर हात ठेवला, थोडे थांबले. एकदा खाकरून बघितलं.

"हाय. अजून हाय आवाज," ते म्हणाले. हे मला की त्याला, कळलं नाही. मग ते बोलायला लागले. एकोणीस वर्षांचं काही नाही, मळ्याचं नाही, देवीचं नाही. नदीचं. वरच्या कोंडीपासून, नदीच्या वरच्या अंगाच्या डोहापासून, सुरुवात केली. ह्या वर्षी वरच्या कोंडीत गाळ आलाय. जांभळीखालची कपार अर्धी बुजली, पण तिथे मरळ बसलीय, तोंड स्वच्छ हाय. धोब्याच्या दगडापाशी ऊब हाय, मागच्या वर्षापेक्षा हातभर पलीकडे सरकलीय. एकेक दगड घेत ते धुक्याच्या पट्ट्यावरून बोट फिरवत खाली येत होते, जणू विरारच्या त्या खोलीतून ते बोट दिसत होतं.

मी त्यांच्या उजव्या हाताला उभा होतो. कानाशी धरलेल्या फोनचा काळा पडदा मला दिसला. मग माझ्या खिशातला दुसरा मोबाईल वाजला. महेश होता. मी दहा पावलं लांब गेलो.

"काका, कट झालं. परत लावू काय त्या नंबरवर?"

"किती बोलणं झालं?"

"चार मिनिटं. बाबा रडतायत, पण बरे आहेत. ऐकलं त्यांनी."

मी मागे वळून बघितलं. आप्पा कातळावर उकिडवे बसले होते. आवाज थंडीने बसत चालला होता आणि ते तो आणखी मोठा करत होते. बोट आता डोहाच्या जागी, धुक्याच्या सगळ्यात जाड भागावर येऊन थांबलं होतं.

"थोड्या वेळाने लाव," मी महेशला म्हणालो.

"मोठी हाय," आप्पा फोनमध्ये सांगत होते. "त्या वामीपरास मोठी. घाई करू नको. तू त्या तोंडाशी ऱ्हा, मी ह्या बाजूनं येतो."